पंधरा टक्के कशाचे? पहिल्या कादंबरीचे पैसे : एजंट आणि प्रकाशक यांच्या सेवेचं परीक्षण

पहिली कादंबरी घेऊन लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या साहित्यिक एजंटाकडे गेलं, तर सुरुवातीला एक पैसाही मोजावा लागत नाही. हस्तलिखित वाचण्याची फी नाही, नोंदणी नाही, संपादनाचं बिल नाही. एजंट कादंबरी विकतो, प्रकाशक पैसे देतो, त्यातून एजंट आपला वाटा कापून बाकीचे लेखकाला पाठवतो. मायदेशातल्या विक्रीवर १५ टक्के आणि परदेशी किंवा अनुवादाच्या हक्कांवर २० टक्के, हा आजचा रूढ दर आहे. परदेशी विक्रीत बहुधा त्या देशातला एक उपएजंट असतो. वीसातले दहा तो घेतो आणि दहा मूळ एजंट.

आमचं मत आधीच सांगतो. मोठ्या इंग्रजी प्रकाशनसंस्थेशी करार करायचा असेल, तर ही सेवा पंधरा टक्क्यांच्या मोलाची आहे. पण नवे लेखक तिचा हिशेब चुकीच्या जागी करतात. एजंट किती टक्के घेतो आणि प्रकाशक किती टक्के देतो, एवढंच पाहिलं जातं. टक्का कशावर मोजलाय आणि पैसा कधी हातात पडणार, हे दोन प्रश्न कराराच्या आठव्या-दहाव्या पानावर दबलेले असतात. लेखकाचं खरं नुकसान होतं ते तिथे.

एजंटाचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये ए. पी. वॉट यांनी रूढ केला, तेव्हा दर १० टक्के होता. तो पुढे शंभरेक वर्षं टिकला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस १५ झाला. ब्रिटनमधली एजंटांची संघटना असोसिएशन ऑफ ऑथर्स एजंट्स आणि अमेरिकेतली असोसिएशन ऑफ अमेरिकन लिटररी एजंट्स या दोन्ही आपल्या सभासदांना हस्तलिखित वाचण्याची फी घेऊ देत नाहीत. म्हणून ‘वाचनशुल्क’, ‘मूल्यांकन शुल्क’ किंवा ‘नोंदणी’ या नावाखाली कोणी पैसे मागितले, तर तो कितीही गोड बोलला तरी तिथेच थांबावं. कुरियर, जास्तीच्या प्रती, परदेशी बँकेचे आकार असे किरकोळ खर्च काही एजन्सी नंतर वळते करतात. त्याची वरची मर्यादा लेखी घ्यावी. लेखक ब्रिटनमध्ये राहत असेल तर कमिशनवर २० टक्के व्हॅटही लागतो, म्हणजे १५ चे प्रत्यक्षात १८ होतात. हे पहिल्या हप्त्याच्या वेळी कळलं की लेखक गोंधळतो.

एजंट मिळवायची पद्धत ठरलेली आहे : एक पानाचं पत्र, एक-दोन पानांचं कथासार, पहिली तीन प्रकरणं किंवा पहिली पन्नासेक पानं. पहिल्या कादंबरीच्या बाबतीत कादंबरी पूर्ण लिहून झालेली असावी लागते. अर्ध्या कादंबरीवर करार ही सवलत नाव झालेल्यांना मिळते. उत्तराला सहा ते बारा आठवडे लागतात आणि पुष्कळदा उत्तर येतच नाही. एजंटाने होकार दिल्यावर तो दोन-तीन खर्डे पुन्हा लिहून घेतो, मग निवडक संपादकांना कादंबरी पाठवतो. दोघा-तिघांना हवी असेल तर लिलाव होतो. एकालाच हवी असेल, आणि बहुतेकदा एकालाच हवी असते, तर घासाघीस होते.

उचल आणि तिचे हप्ते

रॉयल्टी म्हणजे विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागचा लेखकाचा वाटा, आणि अ‍ॅडव्हान्स म्हणजे पुढे मिळायच्या रॉयल्टीतून आधी दिलेली उचल. ऊसतोडीच्या उचलीशी तिचं साम्य नावापुरतंच आहे. टोळीला उचल फेडावीच लागते, कादंबरीकाराला मात्र पुस्तक खपलं नाही तरी अ‍ॅडव्हान्स परत करावा लागत नाही. जोखीम प्रकाशकाची. लेखकाने हस्तलिखित दिलंच नाही किंवा प्रकाशकाने ते नाकारलं, तरच परतफेडीचा प्रश्न येतो. त्याविषयी पुढे लिहिलंच आहे.

आकडे ऐकून हुरळून जाऊ नये. अमेरिकेत पब्लिशर्स मार्केटप्लेस या व्यवसायपत्रात सौदे जाहीर होतात तेव्हा रक्कम सांगत नाहीत, शब्द वापरतात. ‘नाइस डील’ म्हणजे ४९ हजार डॉलरपर्यंत काहीही, ‘व्हेरी नाइस’ म्हणजे ५० ते ९९ हजार, ‘गुड’ म्हणजे १ लाखापासून अडीच लाखांपर्यंत, त्यावर ‘सिग्निफिकंट’ आणि ५ लाखांपुढे ‘मेजर’. म्हणजे ‘नाइस’ या शब्दाखाली तीन हजार डॉलरही बसतात. पहिल्या साहित्यिक कादंबऱ्यांचे पुष्कळ सौदे याच पहिल्या पायरीवर होतात. लेखनाच्या एकूण कमाईचे आकडेही डोळ्यांसमोर असावेत. ब्रिटनमधल्या एएलसीएस या लेखकसंस्थेच्या २०२२ च्या पाहणीत लेखन हाच मुख्य व्यवसाय असलेल्यांचं मध्यम वार्षिक उत्पन्न (निम्म्यांचं त्याहून कमी, निम्म्यांचं जास्त) ७ हजार पौंड निघालं. हेच २००६ साली १२,३३० पौंड होतं. अमेरिकेतल्या ऑथर्स गिल्डच्या पाहणीत पूर्णवेळ लेखकांचं २०२२ सालचं पुस्तकांपासूनचं मध्यम उत्पन्न १० हजार डॉलर होतं. अ‍ॅडव्हान्समधली विषमताही झाकलेली राहिली नाही. जून २०२० मध्ये शेकडो इंग्रजी लेखकांनी आपापल्या रकमा समाजमाध्यमांवर उघड मांडल्या, तेव्हा कृष्णवर्णीय आणि गोऱ्या लेखकांच्या रकमांतली तफावत सगळ्यांना दिसली. नव्या लेखकाने त्यातून एवढं घ्यावं की प्रकाशकाचा पहिला आकडा म्हणजे बोलणीची सुरुवात असते.

आता १० हजार पौंडांचा ब्रिटिश करार घेऊ. ही रक्कम एकदम मिळत नाही. बहुधा चार हप्ते पडतात : सही झाल्यावर, हस्तलिखित स्वीकारल्यावर, पुठ्ठाबांधणीची आवृत्ती निघाल्यावर आणि साधारण वर्षभराने पेपरबॅक निघाल्यावर. प्रत्येक हप्ता २,५०० पौंडांचा. त्यातून एजंटाचे ३७५ गेले की २,१२५ उरतात आणि व्हॅट लागत असेल तर २,०५०. तोंडी होकारापासून कराराच्या सहीपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात, संपादनात सहा महिने ते वर्ष, स्वीकारल्यापासून प्रकाशनापर्यंत आणखी वर्षभर, त्यानंतर पेपरबॅक. म्हणजे ८,५०० पौंड सुमारे तीन वर्षांत विखरून मिळतात, वर्षाला २,८०० च्या आसपास. नोकरी सोडायचा विचार करणाऱ्याने हा भागाकार आधी करावा.

हप्त्यांत दोन ठिकाणी पैसा अडकतो. पहिलं ठिकाण म्हणजे ‘स्वीकार’. हस्तलिखित दिल्याची तारीख लेखकाच्या हातात असते, स्वीकाराची नसते. संपादक रजेवर गेला, संस्था सोडून गेला, किंवा नवा आलेला संपादक ‘आणखी एक खर्डा’ म्हणाला की दुसरा हप्ता लांबतो. एजंटाने करारात मुदत घालून घ्यावी : अमुक दिवसांत लेखी हरकत आली नाही तर हस्तलिखित स्वीकारलं असं समजावं. दुसरं ठिकाण प्रकाशनाच्या तारखेचं. प्रकाशकाने पुस्तक पुढच्या हंगामात ढकललं की तिसरा-चौथा हप्ताही ढकलला जातो. त्यावर उपाय एका वाक्याचा आहे : ‘प्रकाशनाच्या दिवशी किंवा स्वीकारानंतर १८ महिन्यांनी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा’. हे वाक्य असलेला करार आणि नसलेला करार यांत वर्षभराचा फरक पडू शकतो. मिळालेल्या एजंटाला पहिल्याच भेटीत याबद्दल विचारावं. चांगला एजंट हे वाक्य न मागताच घालतो.

आणि हस्तलिखित नाकारलं गेलं तर? चांगल्या करारात ‘पहिल्या प्राप्तीतून’ परतफेड असते, म्हणजे तीच कादंबरी दुसऱ्या प्रकाशकाला विकली तर त्या पैशांतून पहिल्याचे हप्ते फेडायचे, आणि विकली गेली नाही तर फेडायचे नाहीत. वाईट करारात ३० दिवसांत रोख परत करायचे असतात.

टक्का कशावर

आता परीक्षणाचा गाभा. ब्रिटनमध्ये पुठ्ठाबांधणीच्या पुस्तकावर १० टक्के आणि पेपरबॅकवर साडेसात टक्के रॉयल्टी सर्रास दिसते. हे टक्के छापील किमतीवर असतील तर गणित सरळ आहे. १६.९९ पौंडांच्या प्रतीवर १.७० पौंड, ९.९९ पौंडांच्या पेपरबॅकवर ७५ पेन्स. पण हल्ली अनेक करार ‘प्रकाशकाच्या हाती पडलेल्या रकमेवर’ लिहिलेले असतात. दुकानदाराला ५५ टक्के सवलत दिली, तर ९.९९ च्या प्रतीमागे प्रकाशकाला साडेचार पौंड मिळतात. त्याचे १० टक्के म्हणजे ४५ पेन्स. सवलत ६० टक्क्यांवर गेली की ४० पेन्स. म्हणजे ‘साडेसात टक्के’ देणारा करार ७५ पेन्स देतो आणि ‘दहा टक्के’ देणारा ४५. नव्या लेखकाला दहा हा आकडा मोठा दिसतो आणि तो आनंदाने सही करतो. आमच्या मते संपूर्ण व्यवहारातली ही सर्वांत महाग चूक आहे, आणि एजंटाचे पंधरा टक्के ती चूक टाळण्यातच वसूल होतात.

छापील किमतीवरच्या करारातही एक पाचर असते. सवलत ठरावीक मर्यादेपलीकडे, उदाहरणार्थ साडेबावन्न टक्क्यांपलीकडे गेली, की रॉयल्टी चार-पंचमांश होते. म्हणजे ७५ पेन्सचे ६०. सुपरमार्केट आणि मोठे ऑनलाइन विक्रेते या मर्यादेच्या पलीकडेच खरेदी करतात, म्हणून अपवादासाठी लिहिलेलं कलम नियम होऊन बसतं. काही अमेरिकी करारांत ही कपात निम्म्यापर्यंत जाते. मर्यादा किती टक्क्यांवर ठेवायची यावर एजंट भांडतो. लेखकाला हे भांडण दिसत नाही, पण पुढच्या दहा वर्षांच्या प्रत्येक हिशेबपत्रकावर त्याची सावली पडते.

अमेरिकेत पुठ्ठाबांधणीला चढती श्रेणी रूढ आहे : पहिल्या ५ हजार प्रतींवर १० टक्के, पुढच्या ५ हजारांवर साडेबारा, त्यानंतर १५. २८ डॉलरच्या पुस्तकावर अनुक्रमे २.८०, ३.५० आणि ४.२० डॉलर. पेपरबॅकला साडेसात टक्के. ई-पुस्तकांवर दोन्ही देशांत मोठे प्रकाशक आपल्या हाती येणाऱ्या रकमेच्या २५ टक्के देतात, आणि या आकड्यावर ते सहसा हलत नाहीत. ४.९९ पौंडांच्या ई-पुस्तकावर विक्रेत्याचे ३० टक्के गेले की ३.४९ उरतात, त्यांतले लेखकाचे ८७ पेन्स. पण तेच पुस्तक ९९ पेन्सच्या सवलतयोजनेत टाकलं की लेखकाला १७ पेन्स मिळतात. अशा योजनेसाठी लेखकाची संमती लागेल, असं कलम निदान मागून तरी बघावं.

मग १० हजार पौंडांची उचल फिटायला किती खप लागतो? पुठ्ठाबांधणीच्या दीड हजार प्रती गेल्या तर २,५५० पौंड जमा होतात. पूर्ण किमतीला विकलेली ३ हजार ई-पुस्तकं आणखी २,६२० पौंड देतात. उरलेल्या रकमेसाठी ७५ पेन्सच्या दराने सुमारे साडेसहा हजार पेपरबॅक लागतात, आणि ४५ पेन्सच्या दराने जवळजवळ पावणेअकरा हजार. एवढ्या प्रती विकल्यावर खऱ्या अर्थाने ‘रॉयल्टी’ सुरू होते. बहुतेक पुस्तकं या रेषेपर्यंत पोचत नाहीत. त्यामुळे अ‍ॅडव्हान्स हेच प्रत्यक्षातलं मानधन असं धरून चालणं शहाणपणाचं. मात्र उचल फिटली नाही म्हणजे प्रकाशक बुडाला, असं मुळीच नाही. लेखकाला ७५ पेन्स मिळतात त्या प्रतीवर प्रकाशकाला साडेचार पौंड मिळतात, त्यामुळे त्याचा नफा उचल फिटण्याच्या बराच आधी सुरू होऊ शकतो. ‘तुमच्या पुस्तकाने उचलही फेडली नाही’ असं दुसऱ्या कादंबरीच्या वेळी ऐकवलं जातं, तेव्हा हे लक्षात असावं.

दोन पुस्तकांच्या करारात आणखी एक फास असतो : एकत्रित हिशेब. २० हजार पौंडांचा दोन पुस्तकांचा करार असेल आणि हिशेब एकत्र असेल, तर दुसरी कादंबरी चांगली खपूनही तिची रॉयल्टी पहिलीची तूट भरण्यात जाते. प्रत्येक पुस्तकाचा हिशेब स्वतंत्र, एवढे चार शब्द करारात हवेत.

परत येणाऱ्या प्रती

इंग्रजी पुस्तकव्यवसायात दुकानदार न खपलेल्या प्रती पूर्ण किमतीला परत करू शकतो. अमेरिकेत ही प्रथा १९३० च्या दशकातल्या मंदीत रुजली आणि राहिली. म्हणून प्रकाशक पहिल्या एक-दोन हिशेबांत रॉयल्टीचा काही भाग राखून ठेवतो. समजा ४ हजार प्रती दुकानांत गेल्या आणि २५ टक्के राखून ठेवायचं ठरलं. पहिल्या हिशेबपत्रकावर ३ हजार दिसतात. पुढच्या सहामाहीत १,२०० प्रती परत आल्या, राखलेल्या १ हजार सोडल्या, म्हणजे पत्रकावर उणे २०० येतात. विक्री उणे कशी, म्हणून लेखक घाबरतो. चूक कोणाचीच नसते. पण राखीव किती टक्के आणि किती सहामाह्या, हे करारात नसेल तर प्रकाशक ती रक्कम वर्षानुवर्षं अडकवून ठेवू शकतो. २५ टक्के आणि जास्तीत जास्त तीन सहामाह्या, ही मागणी रास्त आहे.

हिशेब वर्षातून दोनदा होतो : जूनअखेर आणि डिसेंबरअखेर. पैसे त्यानंतर सुमारे तीन महिन्यांनी. जानेवारीत विकलेल्या प्रतीचे पैसे सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात, आणि तेही आधी एजंटाच्या खात्यात. तिथून लेखकाकडे यायला दहा ते तीस दिवस. हा मधला थांबा निव्वळ औपचारिक समजू नये. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या डोनाडिओ अँड ओल्सन या जुन्या, नावाजलेल्या एजन्सीच्या हिशेबनिसाने सुमारे ३४ लाख डॉलरचा अपहार केल्याचं उघड झालं. त्यांत लेखकांचे पैसे होते. म्हणून प्रकाशकाने ८५ टक्के थेट लेखकाला आणि १५ टक्के एजंटाला पाठवावेत, अशी विभागणी मागता येते. सगळे एजंट तयार होत नाहीत. निदान लेखकांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवता का, हे तरी विचारावं, आणि उत्तर देताना चाचपडणारा एजंट टाळावा.

भारतीय लेखकासाठी खास कलम

लंडनचा प्रकाशक हक्क मागतो ते ‘ब्रिटन आणि राष्ट्रकुल’ या प्रदेशासाठी. या शब्दांत भारत अलगद येतो. मग नाशिकमध्ये किंवा पणजीत विकलेली प्रत ‘निर्यात’ ठरते आणि निर्यातीवरची रॉयल्टी हाती पडलेल्या रकमेवर असते. ४९९ रुपयांच्या प्रतीमागे मूळ प्रकाशकाच्या हाती १७५ पडले असं धरलं, तर १० टक्क्यांनी साडेसतरा रुपये. भारतीय उपखंडाचे हक्क बाजूला काढून इथल्या प्रकाशकाला स्वतंत्र विकले, तर १० टक्क्यांनीच पण छापील किमतीवर जवळपास ५० रुपये, शिवाय वेगळा अ‍ॅडव्हान्स. ज्याचा वाचक मुख्यतः भारतात आहे, त्याने एजंटाशी पहिली बोलणी इथूनच सुरू करावी. भारतातही राइटर्स साइड, रेड इंक, सियाही अशा एजन्सी आहेत, पण त्यांचं काम प्रामुख्याने इंग्रजीत आणि इंग्रजी अनुवादात चालतं. हक्कांची ही वाटणी त्यांना नीट ठाऊक असते.

मराठी कादंबरी इंग्रजीत जाते तेव्हा एकच रॉयल्टी लेखक आणि अनुवादक यांच्यात विभागली जाते. दहा टक्क्यांचे पाच-पाच, किंवा ठरेल तसे. इंटरनॅशनल बुकर पुरस्काराची ५० हजार पौंडांची रक्कमही लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. अनुवादकाला वेगळं मानधन आणि लेखकाला पूर्ण रॉयल्टी असा करार क्वचित होतो. त्यासाठी कुठलं तरी अनुदान लागतं. मूळ मराठी प्रकाशकाच्या करारात अनुवादाचे हक्क त्याच्याकडे गेलेले असतील, तर या पाचातूनही त्याचा वाटा निघतो. मराठीतल्या पहिल्या करारावर सही करताना हे कोणाच्या ध्यानीमनी नसतं.

मराठी प्रकाशकाची सेवा

मराठीत एजंट जवळपास नाहीत. लेखक आणि प्रकाशक समोरासमोर बसतात, अ‍ॅडव्हान्स बहुधा नसतो, आवृत्ती ५०० किंवा हजाराची, आणि रॉयल्टी १० ते १५ टक्के. इथली एक गोष्ट लंडनपेक्षा चांगली आहे, आणि ती मोकळेपणाने सांगायला हवी : रॉयल्टी छापील किमतीवर धरायची परंपरा आहे. ४०० रुपयांच्या कादंबरीवर १० टक्के म्हणजे ४० रुपये, ५०० प्रती संपल्या तर २० हजार. मात्र ‘छापील किमतीवर’ हे शब्द करारात नसतील, तर ग्रंथालयांना आणि प्रदर्शनांत दिलेली सवलत वजा करून हिशेब होऊ शकतो.

दुबळी बाजू हिशेबाची. मार्चअखेर वर्षातून एकदा आकडा येतो, तोही विचारल्यावर. किती प्रती छापल्या, किती मानार्थ दिल्या, किती शिल्लक, हे तीन आकडे मागण्याचा हक्क करारात लिहून घ्यावा. लाजण्याचं कारण नाही. चोख व्यवहार करणारे प्रकाशक हे आनंदाने देतात.

आणि लेखकानेच प्रती विकत घेण्याची अट. २०० प्रती ४० टक्के सवलतीने घ्या, असं सांगितलं जातं. ४०० च्या प्रती २४० ला, म्हणजे ४८ हजार रुपये. उरलेल्या तीनशेही विकल्या जाऊन सगळ्या ५०० प्रतींची रॉयल्टी मिळाली तरी २० हजार येतात. लेखक २८ हजारांनी खाली, आणि घरी २०० प्रतींचे गठ्ठे. हा व्यवहार काही लेखकांना समजूनउमजून करायचा असतो, त्याला हरकत नाही. पण त्याला छपाईची सेवा म्हणावं आणि त्या हिशेबाने दर पाडून घ्यावा. पैसे घालण्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघावी. राज्य वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी स्वतंत्र पुरस्कार आहे. वय पस्तिशीच्या आत असेल तर साहित्य अकादमीचा ५० हजारांचा युवा पुरस्कारही आहे.

केडीपी या अ‍ॅमेझॉनच्या स्वप्रकाशन सेवेवर मराठी ई-पुस्तक स्वतः काढता येतं. ठरावीक किंमतपट्ट्यात ७० टक्के, एरवी ३५, आणि भारतातल्या विक्रीवर ७० हवे असतील तर ई-पुस्तक फक्त त्यांच्याकडेच ठेवण्याची सिलेक्ट योजना घ्यावी लागते. पैसे महिनाअखेरीनंतर साधारण ६० दिवसांत येतात. वेळेच्या बाबतीत वरच्या दोन्ही सेवांपेक्षा ही सरस. पुस्तक वाचकापर्यंत नेण्याचं काम मात्र सगळं लेखकावर.

करारच नसेल तर काय? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ इथे लेखकाच्या बाजूने आहे. सही केलेल्या लेखाशिवाय हक्क हस्तांतरित होत नाहीत. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. दिलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळं काही नसल्यास तो हक्क परत येतो. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे’ हे छापील वाक्य या संरक्षणावर पाणी सोडतं. त्याऐवजी ‘मराठी मुद्रित आवृत्ती, सात वर्षं’ लिहावं आणि चित्रपट, श्राव्य, अनुवाद हे वेगळे ठेवावेत.

करांचं थोडक्यात. अमेरिकी प्रकाशक किंवा केडीपी असेल तर डब्ल्यू-८ बीईएन हा अर्ज पॅन घालून आधी भरावा. तो नसेल तर अमेरिकेत ३० टक्के कापतात, भारत-अमेरिका करारानुसार १५. अर्जाची मुदत सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षअखेर संपते आणि मग कपात गुपचूप ३० वर जाते. भारतात प्रकाशक रॉयल्टीवर १० टक्के टीडीएस कापतो. २०२५-२६ पासून एका प्रकाशकाकडून वर्षाला ५० हजारांपर्यंत कपात नाही. जीएसटी उलट आकारणीने प्रकाशकाने भरायचा असतो, तो लेखकाच्या रकमेतून वळता करू देऊ नये. लेखकांच्या रॉयल्टीवरची ३ लाखांपर्यंतची आयकराची वजावट (१९६१ च्या कायद्यात कलम ८०-क्यूक्यूबी) फक्त जुन्या कररचनेत मिळते. त्यासाठी प्रकाशकाचं प्रमाणपत्र लागतं, आणि परदेशी रॉयल्टी वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत भारतात आणावी लागते.

शेवटी, हक्क परत मिळण्याचं कलम. जुन्या करारांत ‘पुस्तक बाजारात उपलब्ध नसेल तर’ हक्क परत, असं असे. आता ई-पुस्तक आणि मागणीनुसार छपाई यांमुळे पुस्तक कायम ‘उपलब्ध’ असतं. म्हणून मर्यादा आकड्यात हवी : सलग दोन सहामाह्यांत शंभरपेक्षा कमी प्रती गेल्या तर लेखकाच्या पत्रानंतर तीन महिन्यांत हक्क परत. प्रकाशनसंस्था बंद पडली तर आपोआप परत, हेही लिहावं. फेब्रुवारी २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनने वेस्टलँड ही आपली भारतीय प्रकाशनसंस्था बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा लेखकांना दोनेक महिन्यांत नवं घर शोधावं लागलं. मार्च २०२५ मध्ये ब्रिटनची अनबाउंड ही संस्था दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि लेखकांची देणी थकली. अशा वेळी राहिलेला पैसा मिळेलच असं नाही, पण कादंबरी तरी हातात राहते. शिल्लक प्रती रद्दीच्या भावाने काढण्याआधी त्या त्याच भावाने लेखकाला विचाराव्यात, आणि मांडणीची व मुखपृष्ठाची फाइल ठरावीक रकमेला द्यावी, ही दोन वाक्यंही त्याच कलमात बसतात.